वऱ्हाडच्या कपाशीची मर

बुलढाणा जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा खामगांवच्या कापूसबाजारापासून आरंभ करतो, आणि तें स्वाभाविकच आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धानें (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांस वऱ्हाडची आठवण करून दिली, आणि १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खामगांवची आगगाडी सुरू झाली. या इतिहासांत गाठी आहेत, भाव आहेत, दलाल आहेत; नाहीं ती फक्त पऱ्हाटी. ज्या झाडावर हा सारा डोलारा उभा होता तें शेतांत जगत होतें कीं मरत होतें, याची चौकशी आम्हां इतिहासाच्या अध्यापकांनीं क्वचितच केली आहे.

तें मरत होतें. काळ्या जमिनींत चांगलें वाढलेलें झाड पिवळें पडावें, माना टाकावी आणि वाळून जावें. शेजारचीं दहा-वीस झाडेंही त्याच्या मागून जावींत, आणि उभ्या पिकांत उघडें चकंदळ दिसूं लागावें, यालाच शेतकरी ‘मर’ म्हणतो. मेलेल्या झाडाचें मूळ उभें चिरलें तर आंत तपकिरी-काळ्या रेषा दिसतात. मातींतील फ्युझेरियम नांवाची बुरशी मुळांवाटे शिरून पाण्याच्या नळ्या निकामी करते. पीक काढून टाकलें तरी ती मातींत वर्षानुवर्षें टिकते, म्हणून मर लागलेलें शेत पुढेंही संशयितच राहतें.

हा रोग आमच्याच नशिबीं होता असें नव्हे. १८९२ सालीं अ‍ॅटकिन्सन यांनीं अलाबामांतील कपाशीवर त्याचें वर्णन केलें. पुढें ऑर्टन यांनीं दक्षिण कॅरोलिनांतील उद्ध्वस्त शेतांत उरलेलीं मोजकीं झाडें निवडलीं, त्यांचें बीं राखलें, आणि त्यांतून टिकाऊ वाण तयार केले. ही रीत साधी होती. पण मृतांच्या गर्दींत जिवंत कोण तें पाहण्याची बुद्धि होण्यास मोठा मनुष्य लागतो, असें आम्हांस वाटतें.

आमच्याकडे इव्हान्स यांनीं १९०८ सालीं नागपूरकडील मर नोंदली, आणि येथेंच एक चमत्कारिक गोष्ट घडली. मध्यप्रांताच्या शेतकीखात्यानें ‘बुरी’ नांवाची, मूळची अमेरिकन पण येथें रुळलेली कपाशी, मर लागलेल्या शेतांत पेरण्यास सांगितली. देशी पऱ्हाटी जेथें जळून जाई, तेथें बुरी हिरवीगार उभी राही. आतां अमेरिकेंत तर हीच अमेरिकन जात मरीनें मरत होती! मग बुरीला रोगप्रतिकारक म्हणावें तें कोणत्या अर्थानें? वऱ्हाडांतील मरीचा दस्तूर यांनीं १९२४ सालीं अभ्यास मांडला, मुंबई इलाख्यांतील मरीचा कुलकर्णी यांनीं १९३४ सालीं. खानदेशाच्या देशी कपाशींतून मरीला न जुमानणारा ‘जरीला’ वाण निघाला आणि तो वऱ्हाडांतही शिरला. परंतु बुरीचें कोडें तसेंच राहिलें.

तें सुटलें १९६० सालीं. आर्मस्ट्राँग दांपत्यानें अमेरिका, मिसर व हिंदुस्थान येथील बुरशा निरनिराळ्या कपाशींवर घालून पाहिल्या. दिसण्यांत सारख्या असलेल्या या बुरशांचे खाण्याचे शौक वेगळे होते. अमेरिकेची बुरशी अमेरिकन कपाशी मारी. हिंदुस्थानची, जिला चौथा वंश असें नांव मिळालें, ती देशी कपाशी मारी आणि अमेरिकन कपाशीकडे फारशी फिरकत नसे. म्हणजे प्रतिकार हा झाडाच्या अंगचा स्वयंभू गुण नसून तें एका झाडाचें एका बुरशीशीं असलेलें नातें आहे. कोंकणच्या भातावरील करप्याचेंही असेंच आहे; एका वाणापुढें हरलेला करपा नव्या वंशाच्या रूपानें त्याच वाणावर परत येतो.

हें नातें कायमचें असतें असें मात्र समजूं नये. २००१ सालीं कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यांत पिमा कपाशी मरूं लागली, आणि तपासाअंतीं सांपडला तो हाच चौथा वंश. लांब धाग्याच्या पिमाची त्यानें दैना केलीच. पण ज्या अमेरिकन जातीस आम्ही त्याच्यापासून निर्धास्त समजत होतों, तिचींही कोंवळीं रोपें तेथें त्यानें सोडलीं नाहींत.

खामगांव-मलकापूरकडे आज जी कपाशी दिसते ती जवळजवळ सारी अमेरिकन जातीच्या संकरांची. २००२ सालीं बीटी वाणांस परवानगी मिळाल्यावर हे संकर बोंडअळीच्या भयानें घेतले गेले; मरीचा विचार त्यांत कोणीं केला नव्हता. मरीची चर्चा थांबली ती तिच्यावर उपाय सांपडला म्हणून नव्हे, तर तिचें आवडतें झाड शेतांतून गेलें म्हणून. अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें ‘एकेए-७’ सारखे देशी वाण काढले आहेत, आणि पाऊस दगा देतो त्या कोरडवाहू रानांत कांहीं शेतकरी पुन्हां देशी पऱ्हाटीकडे वळूं पाहतात. त्यांनीं बीं घेण्यापूर्वीं घरांतल्या म्हाताऱ्यांस एवढें विचारावें, कीं आपल्या कोणत्या शेतांत पूर्वीं मर लागत असे.