तट कोणी पाडला?

श्वेतपेशी म्हणजे शरीराचे सैनिक, असे आम्ही शिक्षक वर्गात सांगत आलो. हेच सैनिक कधीकधी आपल्याच किल्ल्याचा तट पाडतात, हे सांगायचे मात्र राहून जाते.

१८९२ च्या सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत रिचर्ड फायफर पटकीच्या जंतूंवर काम करीत होते. उष्णतेने मारलेले जंतू टोचले तरी गिनीपिग मरत. जंतूंच्या अंगातच असलेल्या या विषाला ‘एंडोटॉक्सिन’, म्हणजे अंतर्विष, हे नाव मिळाले. संसर्गामुळे सारे शरीर बिघडते त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. त्यात हे विषच अवयवांचा नाश करते, असे पुढे बराच काळ मानले गेले.

या समजुतीला धक्का दिला तो उंदरांनी. ‘सी३एच/हेज’ वाणाच्या उंदरांना अंतर्विष भरपूर टोचले तरी ते जगत. मग किरणांनी त्यांची अस्थिमज्जा मारून तिथे साध्या उंदरांची मज्जा घातली गेली. आता तेच उंदीर विषाला बळी पडू लागले! हे काम १९८० साली प्रसिद्ध झाले. विष तेच, आतडे तेच, यकृत तेच. बदलल्या होत्या फक्त मज्जेतून निपजणाऱ्या रक्षक पेशी. वर्गात सांगावा असा हा प्रयोग आहे.

या पेशी करतात तरी काय? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात बॉइटलर आणि सेरामी यांनी १९८५ मध्ये दाखवले, की त्यांनी सोडलेले ‘टीएनएफ’ हे प्रथिन प्रतिपिंडांनी अडवले तर उंदीर अंतर्विषातून वाचतात. पुढच्याच वर्षी केव्हिन ट्रेसी व सहकाऱ्यांनी उंदरांच्या मोठ्या भाऊबंदांना, म्हणजे घुशीसारख्या रॅटना, हे प्रथिन शुद्ध स्वरूपात दिले. जंतू नाही, विष नाही. तरीही रक्तदाब कोसळला आणि आतड्यात रक्तस्राव होऊन ऊती मेलेल्या आढळल्या.

आतड्याचे अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असते. शेजारच्या पेशी घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा हे सांधे सैल करतात. मग पोकळीतले जंतूंचे तुकडे आत झिरपतात, रक्षक पेशी आणखी खवळतात, आणि तट आणखी ढासळतो.

तर मग टीएनएफ रोखावे! १९९० च्या दशकात रुग्णांवर तसे प्रयोग झाले, पण अपेक्षेइतके प्राण वाचले नाहीत. विष पचवणाऱ्या त्या उंदरांकडे पुन्हा पाहिले तर नवल वाटत नाही. साल्मोनेलाचे थोडेसे जिवंत जंतू शिरले, की ते साध्या उंदरांच्या आधी मरतात.