बेगमीचे शास्त्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. गुरुजी गणित शिकवीत आणि शाळेचे भांडारही सांभाळीत. खडूची पेटी उघडली की आत किती कांड्या होत्या, किती दिल्या, किती उरल्या, हे वर्गातल्या एका मुलाने वहीत लिहावयाचे, असा त्यांचा दंडक होता. आम्हांला तो कंजूषपणा वाटे. त्या वहीत एक शास्त्र दडलेले होते, हे कळण्यास माझी सत्तरी उलटावी लागली.

निमित्त घडले ते माझ्या नातवामुळे. तो एका कारखान्यात माल-नियोजनाचे काम पाहतो आणि सध्या 'सीपीआयएम' नावाच्या परीक्षेची तयारी करतो आहे. मागणीचा अंदाज, उत्पादनाचे वेळापत्रक, साठ्याचे प्रमाण अशा विषयांचा तो अभ्यासक्रम. एके दिवशी त्याने विचारले, "आजोबा, सेफ्टी स्टॉकला मराठीत काय म्हणावे?" मी म्हणालो, "बेगमी." शब्द सहज तोंडून गेला, परंतु राजव्यवहाराच्या मराठीवर प्रबंध लिहिलेल्या माझ्यासारख्याला त्या एका शब्दाने पुन्हा जुन्या कागदांकडे नेले.

या शास्त्राचा उगम आपल्याकडे फार मागे जातो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. जमा झालेल्या साठ्यापैकी अर्धा जनपदावरील आपत्तीसाठी राखावा, अर्धाच वापरावा आणि नवे आले की जुने आधी काढून टाकावे, असा त्यातील नियम आहे. राखीव साठा आणि जुन्याचा आधी वापर ही आजच्या अभ्यासक्रमातली दोन सूत्रे तेथे अवघ्या काही शब्दांत आली आहेत.

आपल्या मराठी राज्यात तर या कामाला संस्थेचे रूप आले. बखरींत अठरा कारखाने आणि बारा महाल यांची गणती येते. अंबरखाना, दारूखाना, जामदारखाना, फरासखाना हे कारखाने, तर कोठी हा महालांपैकी एक. आपल्या वडोदऱ्यात 'कोठी' म्हटले की आज सरकारी कचेरी डोळ्यांपुढे येते. मुळात तो साठवणीचा शब्द आहे. पन्हाळ्यावरील अंबरखान्याच्या इमारतींना गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे आहेत. धान्याच्या कोठाराला नदीचे नाव देणाऱ्यांना त्या साठ्याचे मोल ठाऊक होते. रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांत कार्यस्थानवर्ग आहे आणि पण्यवर्गही आहे; म्हणजे भांडाराची भाषा नीट असावी, ही गरज राज्यकर्त्यांना जाणवली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, सर्दी लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू उन्हात घालावी आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, असे बजावले आहे. नियतकालिक तपासणी, जबाबदार अधिकारी आणि मोहोर, तिन्ही गोष्टी त्यात आल्या.

परंतु या सर्वांहून मला महत्त्वाचे वाटते ते शिवाजी महाराजांचे एक पत्र. राज्याभिषेकाच्या आधी, एका पावसाळ्याच्या तोंडावर, चिपळूणजवळ छावणी केलेल्या पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना ते लिहिलेले आहे. त्याचा आशय असा : पावसाळ्यासाठी दाणा आणि गवत यांची तरतूद करून दिली आहे, ती आताच मनमानेल तशी उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही रयतेकडे वळाल, कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. आणि आधीच कसाबसा टिकून राहिलेला कुणबी गाव सोडून जाईल. गंजीजवळ विस्तव नको, रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते.

हे पत्र आपण रयतेविषयीच्या कळवळ्याचे उदाहरण म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यातील तर्काची साखळी पाहावी. दाण्याचा हिशेब चुकला, की घोडे मरतो; घोडे मरू नये म्हणून शिपाई लुटतो; शिपाई लुटतो म्हणून कुणबी परागंदा होतो. साठा पागेचा, चूक कारकुनाची आणि भुर्दंड मात्र ज्याचा त्या साठ्याशी काही संबंध नाही त्याला. साठ्याच्या शास्त्रातला खरा प्रश्न हाच आहे, की हिशेब चुकला तर किंमत कोण मोजतो?

आता शिक्षणाकडे वळू. पूर्वी कारकून घडे तो फडावर, जुन्या माणसाच्या शेजारी बसून. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री याच्या नावावर सांगितली जाणारी मेस्तके म्हणजे लेखनाचे आणि कारभाराचे नियम सांगणारी टिपणे; ती एक प्रकारची पाठ्यपुस्तकेच होत. आपल्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढून धंदेशिक्षण देशी भाषांतून देण्याचा प्रयत्न केला आणि १९३१ साली 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध करून कारभाराच्या शब्दांना आठ भाषांतील प्रतिशब्द मिळवून दिले.

पश्चिमेकडे या विद्येला गणिताची बैठक मिळाली ती विसाव्या शतकात. १९१३ साली फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने 'फॅक्टरी' या मासिकात एक छोटा लेख लिहिला : एका वेळी माल किती करावा? एकदम पुष्कळ मागवला तर साठवणीचा खर्च वाढतो. थोडाथोडा मागवला तर मागणीचा खर्च वारंवार येतो. हे दोन्ही खर्च जेथे समान होतात, तेथे एकूण खर्च सर्वांत कमी. समजा वर्षाला १,२०० नग लागतात, दर मागणीला १०० रुपये पडतात आणि एक नग वर्षभर ठेवण्यास ६ रुपये लागतात. तर दर खेपेला २०० नग मागवावे. सहा मागण्यांचे ६०० रुपये आणि सरासरी १०० नगांच्या साठवणीचेही ६०० रुपये. विशेष हे की हॅरिस यांचे औपचारिक शिक्षण हायस्कूलपलीकडे गेले नव्हते. पुढे त्यांचा लेख विस्मरणात गेला आणि सूत्र विल्सन यांच्या नावाने रूढ झाले.

१९५७ साली अमेरिकेत उत्पादन आणि साठा नियंत्रकांची 'एपिक्स' ही संस्था स्थापन झाली. १९७३ पासून तिने प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली. माझा नातू देणार आहे ती हीच. १९७५ साली जोसेफ ऑर्लिकी यांचा सामग्रीच्या गरजांच्या नियोजनावरील ग्रंथ आला. संगणकाच्या साहाय्याने, एक यंत्र करावयाचे तर कोणता सुटा भाग केव्हा आणि किती हवा, हे काढण्याची रीत त्याने घालून दिली. १९८२ साली कीथ ऑलिव्हर यांनी 'सप्लाय चेन मॅनेजमेंट' हा शब्दप्रयोग प्रचारात आणला. फडावरच्या विद्येचा असा पेशा झाला.

या प्रमाणपत्रांची थोरवी मी कमी लेखत नाही. माझे वडील एका कारखान्याच्या भांडारात नोकरीला होते. एकदा वरच्या एका अधिकाऱ्याने तोंडी सांगून एक बेअरिंग नेले. चिठ्ठी दिली नाही. वर्षअखेरच्या मोजणीत ते कमी भरले. अधिकाऱ्याला आठवले नाही आणि किंमत वडिलांच्या पगारातून आठ महिने कापली गेली. त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीची शाळा सुटली. त्यानंतर वडील चिठ्ठीशिवाय सुतळीचा तुकडाही देत नसत. लोक त्यांना तुसडे म्हणत. नोंद म्हणजे अविश्वास नव्हे, ती धाकट्या माणसाचे संरक्षण आहे, हे मला त्या घरात शिकावयास मिळाले. किंमत कोण मोजतो, याचे उत्तर मी बहिणीच्या मिटलेल्या पुस्तकांत पाहिले आहे.

आणि एप्रिल २०२१ मध्ये ते आपण सर्वांनीच पाहिले. देशात प्राणवायू तयार होत होता, पण तो पूर्वेकडील पोलाद कारखान्यांत आणि रुग्ण दूरच्या शहरांत; वाहून नेणारे टँकर अपुरे. कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला गेले आणि भरून नागपूर-नाशिकला आले, तेव्हा साखळी या शब्दाचा अर्थ घराघरांत समजला. साठा किती आहे याइतकेच तो कोठे आहे हेही महत्त्वाचे, हा धडा फार महाग पडला.

शेवटी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आठवते. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठार भुकेल्यांसाठी उघडले आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरला धान्याची रक्कम भरली. कथेतील एक तपशील आपल्या लक्षात राहत नाही : रक्कम भरल्यावर देवाने रसीद घेतली. कोठार उघडणे हा धर्म होता, परंतु हिशेब मिटवणेही धर्मच होते. लोककथेने दोहोंपैकी एकाचाही त्याग केला नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण हे शास्त्र शिकतील, परीक्षा देतील. सूत्रे अवश्य पाठ करा. मात्र कागदावर आकडा लिहिताना त्याच्या पलीकडच्या टोकाला कोण उभा आहे, हे एकदा मनाशी विचारा. आमच्या गुरुजींनी खडूच्या वहीत आम्हांला तेच शिकवले होते. पेटीतली शेवटची कांडी संपली, तर मागच्या बाकावरच्या मुलाला फळ्यावर काही दिसणार नाही, असे ते म्हणत.