एकाच जाजमावर

 दुपारची भांडी आवरून कुणी शेंगा फोडत असाल, कुणी गोधडीला टाके घालत असाल. हात चालू द्या, कान इकडं असू द्या. आज जुन्या काळच्या महिला मंडळांची गोष्ट सांगायची आहे. नवीन सभासद कसे मिळवायचे, हा प्रश्न त्यांनाही पडला होता आणि आपल्यालाही पडतो. पण सुरुवात आमच्यापासून करू, कारण हा इतिहास आम्ही शोधायला लागलो तो आमच्याच एका चुकीमुळं.

झालं असं. आमच्या ग्रामसंघानं ठरवलं, वरच्या आळीत नवा बचत गट उभा करायचा. गटाला किमान दहा बाया लागतात. बाया जमवायच्या तर संक्रांतीसारखा मुहूर्त नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मग हळदीकुंकू घेतलं. तिळगूळ, वाणाला स्टीलची डबी, उखाणे आणि मध्ये दहा मिनिटं बचतीची माहिती. घरोघर बोलावणं केलं. बाया आल्या, हसल्या, वाण घेऊन गेल्या. नावं किती आली? सहा.

दुसऱ्या दिवशी वही उघडून आम्ही आळीतली घरं मोजली. बोलावण्याच्या यादीत सात घरं नव्हतीच. कुणी मुद्दाम गाळली नव्हती. यादी करताना हातच तिकडं गेला नाही. त्या सात घरांत नवरा गेलेल्या बाया राहतात. कुणाचा कोरोनात गेला, कुणाचा अपघातात, कुणाचा दारूपायी.

आम्ही त्यातल्या एका वहिनींकडं गेलो. त्यांनी चहा टाकला आणि शांतपणे म्हणाल्या, "बोलावलं नाहीत ते बरंच केलंत. आले असते तर बसवलं कुठं असतंत मला? कुंकवाची कोयरी पुढं आली की मी काय करायचं होतं?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. मुलांची फी, शेताचा खर्च, दवाखाना, सगळं एकटीनं ओढणारी ही बाई. गटाची गरज तिला आमच्याहून जास्त. आणि आम्ही दार असं उघडलं होतं, की तिला आत येताच येऊ नये.

तेव्हा मनात आलं, आपल्या आधीच्या बायांनी हे कसं केलं असेल?

1852 ची संक्रांत

पहिली गोष्ट सावित्रीबाई फुले यांची. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई आपल्याला ठाऊक आहेत. पण शाळेबरोबर त्यांनी बायांचं मंडळही चालवलं, हे आपण कमी ऐकतो. 1852 मध्ये पुण्यात महिला सेवा मंडळ सुरू झालं. कलेक्टर जोन्स यांच्या पत्नी त्याच्या अध्यक्ष होत्या आणि कामाचा भार सावित्रीबाईंवर होता. त्या वेळी सावित्रीबाईंचं वय एकवीस.

बाया जमवायला या मंडळानंही संक्रांतच निवडली. तिळगूळ समारंभ ठेवला, हळदीकुंकू ठेवलं. म्हणजे आम्ही केलं तेच. मग फरक कुठं होता? फरक निमंत्रणात होता. कोणत्याही जातीची बाई आली तरी तिला एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि भेदभाव न करता हळदीकुंकू दिलं जाईल, हे त्यात आधीच सांगितलेलं होतं.

मैत्रिणींनो, याचं मोल तेव्हाच्या बाईला विचारा. "या हं आमच्याकडं" एवढं म्हटलं की सगळ्या येतात, असं नसतं. जिला रोज दाराबाहेर उभं केलं जातं, ती आधी विचार करते, तिथं माझा अपमान होईल का? सावित्रीबाईंनी तिच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर बोलावण्यातच देऊन टाकलं.

जाजम एक झालं, तरी समारंभाचं नाव हळदीकुंकूच होतं आणि त्या काळात कुंकवाचा मान सवाष्णीचा. विधवांच्या वाट्याला काय होतं? केशवपन, एक वेळचं जेवण, घरातला कोपरा. फसवली गेलेली विधवा गरोदर राहिली तर तिला जीव देण्याशिवाय वाट नसे. हे पाहून जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवेनं तिथं यावं, सुरक्षित बाळंत व्हावं, मूल हवं तर तिथं ठेवावं. तिथंच जन्मलेल्या एका मुलाला या जोडप्यानं दत्तक घेतलं. तेच पुढं डॉक्टर झालेले यशवंत.

विधवांनीच चालवलेली मंडळं

आता तीस वर्षं पुढं येऊ. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. संस्कृतच्या मोठ्या विदुषी. वय अवघं चोवीस, नवरा नुकताच गेलेला, कडेवर लहान मुलगी. त्यांनी त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला. म्हणजे जिला समारंभातून उठवायची रीत, तीच बाई मंडळाची पुढारी झाली.

या समाजाच्या सभांना येणाऱ्यांत एक वीस वर्षांची सून होती, रमाबाई रानडे. सांगली भागातल्या देवराष्ट्रे गावची मुलगी, अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं. नवऱ्यानं शिकवलं, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचलं नाही. वाचते म्हणून टोमणे, सभेला जाते म्हणून अबोला. आपल्यालाही हे नवीन नाही. "निघाली मीटिंगला" हे वाक्य आजही चुलीपाशी ऐकू येतंच.

1901 मध्ये रानडे वारले. रमाबाई स्वतः विधवा झाल्या. काही काळ त्या घरातच राहिल्या. आणि मग त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हाती घेतलं. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, तेही रमाबाईंच्या राहत्या वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोठी साथ होती.

सेवासदनकडं बाया कशा आल्या, ते आमच्या कामाचं आहे. एक, वर्ग दुपारी ठेवले. घरचं काम आटोपल्यावर प्रौढ बायांना येता येईल अशी वेळ. दोन, नुसती भाषणं ठेवली नाहीत. वाचन, शिवण, प्रथमोपचार, असं हाताला लागणारं काहीतरी दिलं. तीन, मंडळातल्या बाया उठून गरज असेल तिथं गेल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायांकडं, रुग्णालयात, आळंदीच्या यात्रेत वारकरी बायांच्या मदतीला.

चौथी गोष्ट सगळ्यात धाडसाची. सेवासदननं तरुण विधवांना परिचारिकेचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. ससून रुग्णालयात त्या शिकू लागल्या. परक्या माणसाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, आणि तेही विधवेनं? गावभर चर्चा. एका समारंभात परिचारिका झालेली एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला पुढं आली, तेव्हा जमलेल्या शिकल्यासवरलेल्या पोरांनी तिची हुर्यो केली. रमाबाई एरवी रागावणाऱ्या नव्हत्या. पण त्या दिवशी त्यांनी उठून त्या शिकलेल्यांना खडे बोल सुनावले.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. विधवेला सेवासदननं दया दिली नाही, काम दिलं. काम आलं की पगार आला, पगार आला की घरात शब्दाला वजन आलं.

एकीनं दुसरीला आणलं

आणखी एक साखळी सांगतो. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. पुढं 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. याच कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि 1900 मध्ये तो पुण्याजवळ हिंगण्याला एका झोपडीत नेला.

गोदूबाईंच्या बहिणीही विधवा होत्या, पार्वतीबाई आठवले. कोकणातल्या, पदरी एक मुलगा. त्या हिंगण्याला आल्या, आधी आश्रमाची घरव्यवस्था पाहिली आणि मग वर्गणी मागायला गावोगाव फिरू लागल्या. वय वाढलं तरी इंग्रजी शिकायची जिद्द सुटली नाही. 1918 मध्ये त्या थेट अमेरिकेला गेल्या, तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिल्या.

पार्वतीबाई गावात उभ्या राहिल्या, की घरातल्या कोपऱ्यात बसलेली विधवा त्यांच्याकडं पाहायची. माझ्यासारखीच बाई, आणि चार माणसांत बोलते आहे! शंभर पत्रकं वाटून जे होत नाही, ते असं समोर उभं राहून होतं.

आपल्या काळात

हे सारं शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं. मग आज प्रश्न सुटला का? सुटला असता तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाला ठराव करावा लागला नसता. 4 मे 2022 रोजी हेरवाडच्या ग्रामसभेनं ठरवलं, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा आपल्या गावात बंद. कोरोनात तरुण माणसं गेली, त्यांच्या बायकांचे हाल गावानं पाहिले होते. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडची वाट दाखवली. जे काम पूर्वी एकेका संस्थेनं शहरात केलं, ते एका गावानं आपल्या ग्रामसभेत केलं.

मग आम्ही काय केलं

आम्ही पुढच्या बैठकीत विषय ठेवला. वाद झाला, तो लपवून उपयोग नाही. एक जुन्या काकू म्हणाल्या, "रीत मोडू नका, गाव नावं ठेवील." दुसरी म्हणाली, "गाव कर्ज फेडायला येतं का?" दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी ठरलं ते असं.

गटाच्या कार्यक्रमाला हळदीकुंकू म्हणायचं नाही, तिळगूळ मेळावा म्हणायचं. ज्यांना घरी हळदीकुंकू करायचं त्यांनी जरूर करावं, तो त्यांचा आनंद आहे. पण गटाच्या जाजमावर सगळ्यांना सारखं वाण, सारखी जागा. बोलावणं करताना हे स्पष्ट सांगायचं, सावित्रीबाईंच्या मंडळानं सांगितलं तसं. बैठकीची वेळ दुपारची, कारण एकटीनं घर चालवणारी बाई सकाळी मजुरीला जाते. आणि बोलावणं करायला त्या वहिनींनाच सोबत न्यायचं.

वहिनी आधी नाही म्हणाल्या. मग एक दिवस आपणहून आल्या. आमच्या तीन फेऱ्यांत जे झालं नव्हतं, ते त्यांच्या एका फेरीत झालं. सातांपैकी चौघी आल्या. आधीच्या सहा आणि या चार, दहा झाल्या. वरच्या आळीचा गट सुरू झाला. वही वहिनींच्याच हातात आहे, त्या सचिव आहेत.

त्या जुन्या काकूंनी मात्र गट सोडला. आम्हाला त्याचं वाईट वाटतं. आम्ही अजून त्यांच्या दारी जातो, त्यांचं नाव वहीतून काढलेलं नाही. आणि राहिलेल्या तीन घरांतही आमचं जाणं चालू आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाची पुढची बैठक कधी आहे? त्या दिवशी एवढंच करा. गावातली घरं ओळीनं मोजा आणि पाहा, कुठलं घर यादीत कधीच येत नाही. विधवेचं, नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं, अपंग ताईचं, वेशीबाहेरच्या वस्तीवरचं, ऊसतोडीला जाऊन येणाऱ्या कुटुंबाचं. त्या घरी दोघीजणी जा. भाषण करू नका. आधी विचारा, तुम्ही यायचं तर आम्ही काय बदलायला हवं? आणि त्या जे सांगतील, ते वहीत लिहून घ्या.

बरं तर, येतो आम्ही. नमस्कार.