कोळंबीच्या शिबंदीची कुळकथा

पुणतांब्यास चांगदेवांच्या समाधीपासून पुढे वाहत जाणारी गोदावरी जेथे समुद्रास मिळते, त्या आंध्रातील त्रिभुज प्रदेशात आज कोळंबीची तळी पसरली आहेत. आणि ज्या हॅचऱ्या त्यांना बीज पुरवतात, त्यांतील कित्येकींत यीस्टच्या पेशीभित्तीतून काढलेले ग्लुकन रोगप्रतिकार जागवण्यासाठी पिलांच्या खाद्यात मिसळण्याचा शिरस्ता आहे. त्याचे मूळ धुंडाळता मी पोहोचलो तो डॅफ्निया नामक पाणपिसूपाशी. उन्हाळ्यात गोदावरीच्या डोहांत भिंगाखाली वळवळणाऱ्या पिसवांच्याच गोतातली ही, म्हणजे कोळंबीची दूरची भाऊबंद.

पुस्तके या प्रतिकाराची कथा १८८२ साली इटलीतील मेसिना येथे आरंभतात: जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती भटक्या पेशी गोळा झाल्या. परंतु काटा म्हणजे रोग नव्हे. खरी झुंज १८८४ च्या त्याच्या निबंधात आहे: पाणपिसूने गिळलेले यीस्टचे सुईसारखे बीजाणू आतडे भेदून देहात शिरतात, आणि रक्तपेशींची शिबंदी त्यांना घेरून जिरवून टाकते. कवचधारी यजमान आणि यीस्ट शत्रू, ही जोडी तेथेच जुळली! उप्साला येथील संशोधक सोडरहॉल यांच्या पक्षाचे लोक म्हणतील, की ग्लुकनाची चाहूल लागताच फेनॉलऑक्सिडेजची साखळी पेटून आक्रमकाभोवती काळे मेलॅनिन जमते, हे तर त्यांनी क्रेफिशमध्ये उलगडले. मान्य, पण तो यंत्राचा तपशील झाला, वंशाचा दाखला नव्हे.

आता पुन्हा हॅचरीकडे वळू. संशोधक फुजिनागांनी १९३० च्या दशकात जपानात कोळंबी उबवली, हे सर्वश्रुत आहे. अंड्यातून निघालेले पहिल्या अवस्थेतील पिलू, म्हणजे नॉप्लिअस, काही खात नाही, पिवळ्या बलकावरच जगतो. पुढच्या अवस्थेत, प्रोटोझोइआ होताच, तोंड उघडते, आणि सूक्ष्म शैवालाबरोबर जिवाणूही आत येतात. त्यांतला व्हिब्रिओ हार्वेई माजला, की दिवे मालवलेल्या टाकीत मरणासन्न पिले निळसर-हिरवी उजळतात. प्रतिपिंडे कोळंबीस जन्मभर नसतात. मग तोंड उघडण्याआधीची सोय कोणाची? माझा कौल आईकडे आहे, आणि साक्षीस पुन्हा पाणपिसूच येते: ज्या जिवाणूच्या प्रकाराशी आईची गाठ पडली, त्याच प्रकारास तिची पिले अधिक चिवटपणे तोंड देतात, असे २००३ मध्ये डॅफ्नियात दिसून आले. कोळंबीचा मामला याहून निराळा असेल, असे मानण्यास मला तरी कारण दिसत नाही.

तेव्हा ग्लुकनाचा पहिला हप्ता मादीच्याच खाद्यात पडावा, असे मी म्हणेन. पण २००९ पासून परवानगीने येणाऱ्या व्हेनामी कोळंबीच्या परदेशी, महागड्या जनक माद्यांवर, चेन्नईतील नीलांकरैच्या विलगीकरणातून सुटून आल्यावर, माझ्या तर्कापायी प्रयोग करण्यास हॅचरीवाला कचरला, तर त्याला नावे कोण ठेवील?