गाठीचे मोल आणि जिवाचे पदक

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु समुद्राशी संबंध मात्र जुना आहे. १८७० साली जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली, आणि खामगावच्या कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागल्या. तेथून त्या विलायतेस जात. आगबोटींच्या भट्ट्यांत कोळसा टाकणारे आणि दोरखंड ओढणारे खलाशी पुष्कळदा आपल्या कोकणातले असत.

समुद्राच्या कायद्यात एक मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. बुडत्या बोटीवरची गाठ वाचवली, तर वाचवणारास तिच्या किमतीच्या मानाने मोबदला मिळतो. माणूस वाचवला, तर त्या माणसाकडून एक पैही मागता येत नाही. १९१० च्या ब्रुसेल्स करारात हे स्पष्ट लिहिले आहे. आणि संकटातल्या माणसाला मदत करणे हे कप्तानाचे कर्तव्य आहे, असेही त्याच करारात सांगितले आहे. हे योग्यच झाले. जिवाचा भाव ठरू नये. पण मग त्या उपकाराची नोंद कोठे व्हावी? ती पदकावर होऊ लागली. लंडनच्या लॉइड्स या विमासंस्थेने १८३६ साली असे पदक काढले. १८५४ च्या व्यापारी जहाजांच्या कायद्यानंतर ब्रिटिश सरकारनेही काढले.

पदकावर नाव कोरतात. आमच्या खलाशांची भरती सारंगामार्फत होई. गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा पगार मिळे, आणि अपघाताच्या वृत्तांतात पुष्कळदा ‘इतके लस्कर’ एवढाच उल्लेख येई. दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी कामी आले.

जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात ‘दुर्गाम्मा’ ही मासेमारी नाव इंजिन बंद पडून भरकटली. सात कोळी बर्फावर जीव धरून होते. ‘संपूर्ण स्वराज्य’ या आपल्या तेलवाहू जहाजाने खवळलेल्या दर्यात शिडी सोडून सातही जणांना वर घेतले. कप्तान राधिका मेनन यांना २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे शौर्यपदक मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदक योग्य गळ्यात पडले. परंतु अशी शिडी एकट्याने सोडता येत नाही.

कामगार संघटनेत मी एक गोष्ट शिकलो. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याचा हक्क बुडतो. इतिहासाचेही तसेच आहे. म्हणून पदक एकाला द्यावे; पण शिडी धरणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्याच कागदावर लिहावे.