बाळगोळी, आगबोट आणि खोकल्याची बाटली

बाळगुटी आणि बाळगोळी हे दोन शब्द कानाला इतके जवळचे वाटतात की त्यांत घोटाळा होणे स्वाभाविक आहे. पदार्थ मात्र अगदी वेगळे. बाळगुटी म्हणजे सहाणेवर उगाळलेली मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, हिरडा, जायफळ. तिचे माप वेढ्यांत. जायफळाचे दोन वेढे पुरेत, तिसरा नको, हे घरातल्या म्हातारीला ठाऊक असे आणि औषधाच्या मात्रेवरचे नियंत्रण म्हणायचे तर तेवढेच. बाळगोळी म्हणजे अफूची बारीक गोळी. तिला सहाण लागत नाही, म्हातारीही लागत नाही. ती विकत मिळते, आणि मूल निजते. लहान मुलांच्या औषधविक्रीवर निर्बंध असावेत की नसावेत, आणि असले तर ते कोणावर, या प्रश्नाचा मराठी इतिहास मला या दुसऱ्या शब्दापासून सुरू करावासा वाटतो.

'मांडवी' या शब्दाचा जुना अर्थ जकातीचे ठाणे. मुंबईतही एक मांडवी आहे आणि रत्नागिरीतही. रत्नागिरीच्या मांडवीवर काळ्या वाळूची पुळण आहे आणि समुद्रात शिरलेला धक्का आहे. आगबोटींच्या काळात कोकणच्या किनाऱ्यावरची माणसे अशाच धक्क्यांवरून होड्यांत बसत, होड्या त्यांना बाहेर नांगरलेल्या बोटीवर नेत, आणि बोट मुंबईला. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबई शहरातील जवळजवळ दर पाच माणसांमागे एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता (त्या जिल्ह्यात तेव्हा आजचा सिंधुदुर्गही येई). माणसे गेली ती प्रामुख्याने गिरण्यांत. पुष्कळांची कुटुंबे गावीच राहिली. पण काही बायकाही गेल्या आणि वाइंडिंग-रीळिंगच्या खात्यांत उभ्या राहिल्या. सहाण, सासू आणि परसातला अडुळसा मागे राहिला. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत तान्हे मूल होते आणि गिरणीचा भोंगा होता.

१९२२ च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना गिरणीकामगार बायकांच्या स्थितीची पाहणी करायला नेमले. त्यांच्या अहवालातला एक आकडा पुढे जगभर उद्धृत झाला: कामगार स्त्रियांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. हा आकडा उद्धृत करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो हिंदी आईच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून वापरला. मला त्यात अज्ञान फारसे दिसत नाही. शंभरांत दहा आया अफू देत असत्या तर ते अज्ञान म्हणता आले असते; शंभरांत अठ्ठ्याण्णव देतात तेव्हा ती व्यवस्था असते. दिवसभर यंत्रापाशी उभे राहणाऱ्या बाईच्या मुलाने दिवसभर निजणे हा त्या व्यवस्थेचाच एक भाग. आणि ही अफू चोरून येत नव्हती. ती सरकारी परवान्याच्या दुकानात मिळे आणि तिचा महसूल सरकारी तिजोरीत जाई. म्हणजे पाहणी करवणारे सरकार आणि विक्रेत्याला परवाना देणारे सरकार एकच.

याच्यावरचा इलाज विक्रीच्या बाजूने आधी आला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो आईच्या बाजूने आला. गिरणीकामगार बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा म्हणून मुंबई कायदेमंडळात विधेयक आले. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्याला पाठिंबा देणारे भाषण केले, आणि १९२९ साली मुंबईचा प्रसूती-लाभ कायदा झाला. या प्रकारचा तो देशातला पहिला. पुढे शाही मजूर आयोगाने कारखान्यांत पाळणाघरांची शिफारस केली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. पाळणाघर हे बाळगोळीवरचे खरे उत्तर होते. मात्र ते उत्तर अंगावर पडू नये म्हणून पुष्कळ मालकांनी बायका कामावर घेणेच कमी केले, हा त्या कथेचा कडू उपभाग.

हे सारे 'मागासलेल्या' हिंदुस्थानातच घडत होते असा समज असेल तर तो सोडून द्यावा. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या कापड गिरण्यांच्या गावांत 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे अफूयुक्त सरबत तान्ह्यांना पाजले जाई. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप'मध्ये मॉर्फीन असे. हिंदुस्थानातील लष्करी डॉक्टर जॉन कॉलिस ब्राउन याने कॉलऱ्यावर म्हणून तयार केलेले क्लोरोडाइन (अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म) पुढे खोकल्याची बाटली म्हणून घरोघर पोहोचले. १८९८ मध्ये बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणले, तेही खोकल्यावर. आणि अफूतूनच १८३२ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ रोबिके याने वेगळे केलेले कोडीन पुढे आपल्या कफ सिरपमध्ये आले. गोळीची बाटली झाली इतकेच.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने बाटलीकडे वळून पाहिले, पण कोडीनसाठी नव्हे, मद्यार्कासाठी. पंतप्रधान (मुख्यमंत्र्यांना तेव्हा तसेच म्हणत) बाळासाहेब खेर हे जन्माने रत्नागिरीचे. त्यांच्या कारकिर्दीत, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि त्याच्या जाळ्यात टिंक्चरे, औषधी वाइन, अगदी कोलोन वॉटरही सापडले. फ्राम बलसारा नावाच्या एका नागरिकाने त्याविरुद्ध दाद मागितली. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी मोठ्या प्रमाणात वैध ठरवली, पण मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी अवाजवी म्हणून रद्द केली. घटनाशास्त्राचे विद्यार्थी हा निकाल वेगळ्याच कारणांसाठी वाचतात. औषध आणि व्यसन यांच्यामधली रेषा कोणी आखायची, हा वाद आपल्याकडे इतक्या लवकर आणि इतक्या वरच्या पायरीपर्यंत गेला होता, एवढे इथे नोंदवतो.

औषध कायदा १९४० चा, नियम १९४५ चे. त्यांतील 'एच' परिशिष्टातली औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत; मार्च २०१४ पासून 'एच-१' नावाचे अधिक कडक परिशिष्ट आले, कोडीन त्यात गेले, आणि विक्रेत्याने रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वहीत टिपणे बंधनकारक झाले. पण याच नियमांच्या 'के' परिशिष्टात एक जुनी सवलत होती: हजारापेक्षा अधिक वस्ती नसलेल्या गावात अॅस्पिरिन, बाम, ग्राइप वॉटर, एरंडेल यांच्याबरोबर खोकल्याची सिरपे, वड्या व गोळ्या औषधविक्रीच्या परवान्याशिवाय विकता येत, 'एच'सारख्या परिशिष्टांतले काही त्यांत नसावे एवढी अट. डोंगरउतारावर विखुरलेल्या कोकणातल्या वाड्यांचा विचार केला तर ही सवलत म्हणजे शहाणपण होते. पावसाळ्यात वहाळ चढला की औषधाचे दुकान पलीकडच्या तीरावर.

या नियमांत ग्राहकाचे वय कुठेच विचारलेले नाही. कॅलिफोर्नियाने २०१२ पासून डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध अठरा वर्षांखालील ग्राहकाला चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. आपल्याकडे असा नियम थेट उचलून आणावा असे सुचवणाऱ्यांनी एक गोष्ट विचारात घ्यावी. आपल्या घरांत दुकानात कोण जाते? "जा रे, आजोबांची बाटली घेऊन ये" असे ज्याला सांगितले जाते तो दहा-बारा वर्षांचाच असतो. त्याला परत पाठवले तर आजोबा खोकत राहतील. शिवाय निर्बंधाच्या बोलण्यात दोन वेगवेगळी मुले एकमेकांत मिसळतात: ज्याला पाजले जाते ते, आणि जे चार मित्रांत पैसे गोळा करून नशेसाठी बाटली घेते ते. दुसऱ्यासाठी कायदा आहेच. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७७ वे कलम मुलाला अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगते. शिवाय कोडीनच्या मिश्रणांवर थेट बंदीचाही प्रयत्न झाला. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीच्या अहवालावरून मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत कोरेक्स आणि फेन्सेडिलही होती. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. जून २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन-कोडीन सिरपवर पुन्हा अधिसूचना निघाली. सात वर्षांच्या या येरझाऱ्यांत पौगंडावस्थेत असलेली मुले प्रौढ झाली.

पहिल्या मुलाची गोष्ट अधिक अवघड आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातली वीसहून अधिक मुले 'कोल्ड्रिफ' या सिरपने दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. तपासणीत सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आले होते आणि चौदा रुग्ण गेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा त्यावरचा अहवाल औषध प्रशासनाच्या कारभाराची चिरफाड करणारा होता. छिंदवाड्यातल्या मुलांना ते सिरप डॉक्टरनेच लिहून दिले होते. म्हणजे चिठ्ठी होती, परवाना होता, आणि विष बाटलीतच होते.

त्यानंतर केंद्र सरकारने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असे सांगितले. चार वर्षांखालील मुलांसाठीचा इशारा तर काही मिश्रणांच्या वेष्टनावर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. आणि २०२५ च्या अखेरीस 'के' परिशिष्टातल्या त्या यादीमधून 'सिरप' हा शब्द वगळण्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. वड्या, गोळ्या, बाम, ग्राइप वॉटर आणि एरंडेल यांना त्यात हात लावलेला नाही.