निळ्या शिडाची होडी: अंबाझरी, एनसीसी आणि एन्टरप्राइज

ज्यांना हेडफोन लावायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना जे अडखळलो ते इथे गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.

कॉलेजात असताना मी नेव्हल एनसीसीत होतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "नागपुरात नेव्ही? काऊन बे, समुद्र कुठं हाय इथं?" प्रश्न रास्त आहे. देशाचा झिरो माईल आमच्याकडे. समुद्र कुठल्याही बाजूला काढा, रात्रभराचा रेल्वे प्रवास. पण नागपुरात एनसीसीचं 2 महाराष्ट्र नेव्हल युनिट आहे, आणि त्याचा समुद्र म्हणजे आपला अंबाझरी तलाव.

आज बोलायचंय ते त्या तलावावर मी पहिल्यांदा हाताळलेल्या होडीबद्दल. तिचं नाव एन्टरप्राइज. लांबी चार मीटरच्या आसपास, वजन साधारण 90 किलो, माणसं दोन आणि शिडं निळी. ही होडी इंग्लंडमध्ये एका वर्तमानपत्रानं जन्माला घातली. ते वर्तमानपत्र चार-पाच वर्षांत बंद पडलं. होडी मात्र अजून चालू आहे, आणि त्यात आपल्याकडच्या कॅडेट पोरापोरींचा मोठा हात आहे.

आधी तलाव. अंबाझरी भोसल्यांच्या काळापासूनचा. 1870 च्या आसपास शहराला नळाचं पाणी द्यायचं ठरलं तेव्हा अलेक्झांडर बिनी नावाच्या इंजिनिअरनं त्याचा बांध वाढवला. हा माणूस भारी होता. पाऊस किती पडतो, त्यातलं वाहून किती येतं, उन्हानं उडून किती जातं, याची त्यानं नागपुरात बसून मोजणी केली. त्यावरचा त्याचा निबंध लंडनच्या इंजिनिअर मंडळींत गाजला, त्याला पदकही मिळालं. पुढे थेम्स नदीखालचा ब्लॅकवॉल बोगदा, 1897 चा, त्याच्याच देखरेखीखाली झाला. म्हणजे लंडनचा बोगदा बांधणाऱ्यानं हात साफ करून घेतला तो आपल्या अंबाझरीवर. असो, विषयांतर झालं.

आता होडी. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात पैसा कमी, पण प्लायवूड आणि चांगले गोंद हाताशी आले होते. जॅक होल्ट नावाच्या डिझायनरनं ओळखलं की साध्या माणसाला घरामागच्या शेडमध्ये बनवता येईल अशी होडी दिली तर यॉटिंग साहेबलोकांच्या क्लबातून बाहेर येईल. तिकडे 'न्यूज क्रॉनिकल' या वर्तमानपत्राला वाचक जोडायचे होते. दोघांचं जमलं. डिसेंबर 1955 मध्ये, ऐन थंडीत, दोन नमुना होड्या रात्रीतून इंग्लिश खाडी पार करून फ्रान्सला नेल्या. जाहिरात म्हणून एवढं पुरेसं होतं. 1956 साली होडी बाजारात आली आणि धडाधड खपली. 1960 च्या ऑक्टोबरात पेपर बंद पडला. होड्यांचे नंबर मात्र वाढत वाढत 22 हजारांच्या पुढे गेले.

होल्टनं हाच खेळ पुढे 'डेली मिरर'सोबत केला. ती लाल शिडाची मिरर डिंगी, सत्तर हजारांवर गेली. पण ती गोष्ट पुन्हा कधी.

इथे 'क्लास' हा शब्द समजून घ्या. शाळेचा वर्ग नव्हे. एका क्लासच्या सगळ्या होड्या नियमानं सारख्या: तोच आकार, तेवढंच शीड, ठरलेल्या वजनापेक्षा हलकी चालणार नाही. सगळ्यांना एकाच मॉडेलची सायकल देऊन शर्यत लावावी तसं. मग जिंकतो तो पैसेवाला नाही, ज्याला वारा कळतो तो. आणि वीस वर्षं जुनी होडी नीट ठेवली असेल तर ती नव्या होडीशेजारी सुरुवातीच्या रेषेवर उभी राहू शकते.

क्लास मरतो तो होडी वाईट असते म्हणून नाही. ऑर्कुट आठवतं? बिघडलं काही नव्हतं, मित्र निघून गेले. होडीचंही तेच. शर्यतीला पाचच जण उरले की सहावा दुसरी होडी घेतो. मग शिडं शिवणारा थांबतो, सुट्टे भाग मिळत नाहीत, आणि होड्या ताडपत्रीखाली जातात. म्हणून क्लास जिवंत ठेवायचा तर दरवर्षी नवी पोरं येत राहिली पाहिजेत. बाकी नियम-बियम त्यानंतर.

आशियात एन्टरप्राइजला ही गर्दी मिळाली. 1978 च्या बँकॉक एशियाडमध्ये या क्लासचं सुवर्ण पाकिस्तानच्या बैराम आवारी आणि मुनीर सादिक यांनी नेलं. 1982 चं एशियाड दिल्लीत झालं, पण शिडाच्या शर्यती अर्थातच मुंबईच्या समुद्रात. तिथे बैराम आवारींसोबत त्यांची पत्नी गोश्पी बसली आणि दोघांनी पुन्हा एन्टरप्राइजचं सुवर्ण जिंकलं. पाकिस्तानी पारशी जोडपं मुंबईत येऊन सुवर्ण घेऊन जातं, आणि त्याच स्पर्धेत फायरबॉल या दुसऱ्या क्लासमध्ये आपले फारुख तारापोर आणि झरीर करंजिया, तेही पारशी, भारताला सुवर्ण देतात. यावर कोणी सिनेमा कसा केला नाही कोण जाणे.

आणि मग एनसीसी. 1948 च्या कायद्यानं एनसीसी उभी राहिली, नेव्हल विंग 1952 मध्ये आली. नौसैनिक कॅडेटच्या शिबिरात वल्हवणं, सिग्नल, जहाजांचे मॉडेल आणि शिडाची होडी हे सगळं असतं. ओडिशात आयएनएस चिल्कावर एनसीसीची अखिल भारतीय यॉटिंग रेगाटा होते, तिथेही या एन्टरप्राइज होड्या उतरल्या आहेत. एन्टरप्राइज यासाठी फिट बसते. तिला स्पिनेकर नावाचं फुग्यासारखं मोठं शीड नाही, तारेला लटकून बाहेर झुकायचा प्रकार नाही. मोठं शीड, पुढचं लहान शीड, सुकाणू आणि पोटातून खाली सोडायची फळी. संपलं. गाणं म्हणता येणारं कोणतंही पोर महिनाभरात ती चालवू शकतं, आणि दहा वर्षं चालवली तरी पूर्ण येत नाही.

मला तर पहिल्याच आठवड्यात पाण्यात फेकलं तिनं. अंबाझरीचा वारा लबाड. बांधाकडच्या झाडांआड तो मरतो, आणि आडोसा संपला की एकदम थोबाडीत मारतो. मी शिडाचा दोर हाताला गुंडाळून बसलो होतो, शहाणपणा म्हणून. झोत आला, दोर सोडता आला नाही, होडी आडवी. नाकातोंडात हिरवं पाणी. किनाऱ्यावरून आमचे पीओ साहेब ओरडले, "पहले मुंडी गिनो, फिर बोट देखो!" आधी डोकी मोजा. दोन होती. मग खालच्या फळीवर उभं राहायचं, वरची कड धरायची आणि मागे झुकायचं. निळं शीड पाण्यातून हळूहळू वर येतं, आधी हट्टानं चिकटलेलं, मग एकदम. वर आलं तेव्हा डोलकाठीवर जलपर्णीचा हार लटकलेला. माझा जोडीदार म्हणाला, "घे, सत्कार झाला तुहा."

दोर हाताला गुंडाळायचा नाही, हे मी त्यानंतर विसरलो नाही. आणि दोघांच्या होडीत चूक एकाची असली तरी भिजतात दोघं. एकट्याच्या होडीत हे शिकायला मिळत नाही.

आता अडचण. आज पदकं एकट्याच्या होडीत आहेत. पूर्वी लेझर म्हणायचे ती. 2019 मध्ये बनवणारी कंपनी आणि क्लास संघटना यांचं भांडण झालं आणि होडी तीच राहून नाव बदलून आयएलसीए झालं. आर्मीचा विष्णू सरवणन याच होडीत टोकियो ऑलिंपिकला गेला, 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये कांस्य आणलं. त्याच एशियाडमध्ये नेहा ठाकूरनं रौप्य जिंकलं. ती मध्य प्रदेशची, देवासकडची, आणि शिकली भोपाळच्या तलावावर. म्हणजे समुद्र लागतोच असं नाही, हे आमच्या शेजारच्या राज्यानं दाखवून दिलंय.

मग कोणी विचारेल, जी होडी ऑलिंपिकला नेत नाही तिच्यावर सरकारी पैसा का? प्रश्न चुकीचा नाही. पैसा मोजकाच असेल तर एक आयएलसीए घेणारा प्रशिक्षक माझ्या दृष्टीनं मूर्ख ठरत नाही. पण एका आयएलसीएत एक पोर बसतं, एन्टरप्राइजमध्ये दोन. त्यातलं एक आदल्या दिवशी शिकलेलं असलं तरी चालतं, जुनं पोर त्याला शिकवतं. ही शिकवणी मोडली तर नव्या होड्या आणूनही चालवायला कोण उरणार?

आणि होडीआधी पाणी टिकायला हवं. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी घरात. त्यानंतर बांध आणि सांडवा या दोन शब्दांवर अख्खं शहर बोलू लागलं. जलपर्णी मात्र तलावात पसरतच राहिली. शिडाच्या होडीला ती फार वाईट. खालच्या फळीला आणि सुकाणूला अडकली की वारा असून होडी जागची हलत नाही, आणि वल्ही मारत परत यावं लागतं.

गेल्या रविवारी सकाळी बांधावर गेलो होतो. चालणारे, सेल्फीवाले, पोह्यांची गाडी. शीड एकही नव्हतं, पण वारा पश्चिमेचा होता, अगदी चांगला, आणि झाडांच्या पुढे तो पाण्यावर कुठे उतरतो ती काळपट रेघ मला अजून ओळखता आली.

तुमच्यापैकी कोणी नेव्हल एनसीसीत असाल, अंबाझरीवर, रंकाळ्यावर किंवा कुठेही, तर तुमच्या होडीच्या शिडावरचा नंबर मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात बिनीसाहेब आणि वरोऱ्याचा कोळसा.